परसातील कोंबडी, ऊन आणि उपजत प्रतिकारशक्ती

कर्जत व खालापूर तालुक्यांतील वाड्या-पाड्यांवरून आमच्या वसतिगृहात येणाऱ्या अनेक मुलांच्या घरी परसात चार-दोन गावठी कोंबड्या असतात. अंड्यांच्या पैशांतून वह्या येतात, एस. टी.चे तिकीट निघते. एखाद्या साथीत खुराडे रिकामे झाले, तर त्याची झळ मुलाच्या दप्तरापर्यंत पोहोचते. म्हणून हा पाठ विद्यार्थ्यांइतकाच पालकांसाठीही आहे.

रोगजंतू शरीरात शिरला की प्रथम उभी राहते ती उपजत प्रतिकारशक्ती. जंतूची आधीची ओळख तिला लागत नाही. त्वचा व आतड्याचे अस्तर ही तिची तटबंदी, तर जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी हे तिचे पहारेकरी. याशिवाय डिफेन्सिन व कॅथेलिसिडिन नावाची सूक्ष्म प्रथिने जंतूंच्या आवरणाला भोके पाडतात. नुकत्याच अंड्यातून बाहेर आलेल्या पिलाची मोठी भिस्त या शक्तीवर आणि आईकडून मिळालेल्या प्रतिपिंडांवर असते.

येथे जीवनसत्त्व ‘ड’चा संबंध येतो. कोंबडीच्या अंगावर पिसे असल्यामुळे ऊन कातडीपर्यंत फारसे पोहोचत नाही. परंतु पायांची त्वचा उघडी असते. तेथे सूर्याच्या अतिनील किरणांमुळे ‘ड३’ तयार होते. यकृतात व नंतर मूत्रपिंडात त्याचे रूप बदलते आणि ते कार्यक्षम बनते. हाडे बळकट होणे व अंड्याचे कवच जाड होणे ही त्याची परिचित कामे. मात्र भक्षक पेशींमध्येही या जीवनसत्त्वाला ओळखणारे ग्राही असतात, आणि जंतूची चाहूल लागताच त्या स्वतःही त्याचे कार्यक्षम रूप घडवू शकतात. त्यामुळे पहारा सजग होतो; तसेच दाह अनावर होऊन स्वतःच्याच शरीराची हानी होऊ नये, यासाठी त्याला लगामही बसतो.

आपल्या भागात सह्याद्रीच्या पायथ्याशी जून ते सप्टेंबर आभाळ भरलेले असते. पिले दिवसचे दिवस खुराड्यात कोंडली जातात आणि त्यांच्यापुढे पडतात त्या तांदळाच्या कण्या व कोंडा. या खाद्यात जीवनसत्त्व ‘ड’ जवळजवळ नसतेच. पाय वाकडे होणे, चोच मऊ पडणे, अंड्याचे कवच पातळ येणे या त्याच्या उणिवेच्या खुणा होत.

उपाय खर्चिक नाहीत. पावसाने उघडीप दिली की पिले डालग्याखालून अंगणात सोडावीत. जवळ सावली व स्वच्छ पाणी असावे. काचेतून आलेल्या उन्हाचा उपयोग नाही, कारण काच हे किरण अडवते. पावसाळ्यापुरते थोडे तयार पिलांचे खाद्य कण्यांत मिसळावे. त्यात ‘ड३’ घातलेले असते. औषधाचे थेंब मात्र मनाने पाजू नयेत. अतिरेकाने मूत्रपिंडात चुना साचतो.

एक गोष्ट आम्ही मुलांना वारंवार सांगतो : ऊन म्हणजे लस नव्हे. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, हा विषाणूजन्य रोग आहे. त्याला लसच हवी. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ती वेळेवर द्यावी, खुराडे कोरडे ठेवावे, गर्दी टाळावी. सुट्टीत घरी जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने एवढे जरी आईवडिलांना समजावून सांगितले, तरी आमचा हा तास सार्थकी लागला असे आम्ही मानू.