भाषेच्या कोड्यांसाठी ब्राझीलपर्यंत



ऑलिम्पियाड म्हटलं की आपल्याला गणित आणि विज्ञान आठवतं. भाषेची आवड असणारा विद्यार्थी 'ते आपलं काम नव्हे' म्हणून बाजूला होतो. पण भाषाशास्त्राचंही आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड असतं. त्याचं मूळ १९६५ साली मॉस्कोत शालेय विद्यार्थ्यांसाठी झालेल्या स्पर्धेत सापडतं. आंतरराष्ट्रीय स्पर्धा २००३ मध्ये बल्गेरियात सुरू झाली. २००९ पासून भारताचा संघ त्यात उतरतो, आणि २०१६ ची स्पर्धा तर म्हैसूरला झाली.

स्पर्धेचं स्वरूप

एका संघात चार विद्यार्थी असतात. वैयक्तिक फेरीत सहा तासांत पाच कोडी सोडवायची असतात. दुसऱ्या फेरीत चौघांनी मिळून एक मोठं कोडं सोडवायचं. प्रश्न बहुधा अशा भाषांवर असतात, ज्यांचं नावही आपण ऐकलेलं नसतं. म्हणून खूप भाषा येणं हे इथलं भांडवल नव्हे. दिलेली उदाहरणं नीट पाहून नियम शोधायचा, एवढंच काम.

एक छोटा नमुना पाहू. भाषा आहे पूर्व आफ्रिकेतली स्वाहिली.

म्तोतो = मूल, वातोतो = मुलं
म्तू = माणूस, वातू = माणसं
किकापू = टोपली, विकापू = टोपल्या
किसू = सुरी, विसू = सुऱ्या

आता सांगा, 'म्गेनी' म्हणजे पाहुणा, तर पाहुणे म्हणजे काय? 'किताबू' म्हणजे पुस्तक, तर पुस्तकं म्हणजे काय?

पुढे वाचण्याआधी कागदावर उत्तर लिहा.

मराठीत अनेकवचन करताना शब्दाचा शेवट बदलतो. इथे सुरुवात बदलते. दिलेल्या शब्दांत माणसांसाठी 'म्' चा 'वा' होतो, वस्तूंसाठी 'कि' चा 'वि'. म्हणून उत्तरं: वागेनी आणि विताबू.

गंमत पुढे आहे. 'किताबू' हा मूळ अरबी शब्द, आपल्याकडच्या 'किताब'चा भाऊ. अरबीत त्यातला 'कि' हा मूळ शब्दाचाच भाग आहे. पण स्वाहिली कानाला तो 'किसू', 'किकापू' यांतल्या 'कि'सारखा वाटला आणि अनेकवचन 'विताबू' झालं. परका शब्द घरात आला, त्याला घरचे नियम लागले.

स्पर्धेत नुसतं उत्तर लिहून पूर्ण गुण मिळत नाहीत. नियम कसा सापडला, तो कुठे लागू होतो, हे स्पष्ट वाक्यांत लिहावं लागतं. इथे निबंध लिहिणाऱ्या मुलांचा हात उपयोगी पडतो.

प्रवास

दर वर्षी यजमान देश वेगळा असतो. २०२४ मध्ये स्पर्धा ब्राझीलची राजधानी ब्राझिलियात झाली, दक्षिण अमेरिकेत पहिल्यांदाच. गोव्यातून तिथे पोचायचं तर साधारण मार्ग असा: मुंबई, मग आखातातलं एखादं विमानतळ, तिथून चौदा-पंधरा तासांचं उड्डाण करून साव पावलो, आणि शेवटी आणखी एक विमान. मधला थांबा धरला तर एक दिवस पुरत नाही.

निघण्याआधीची तयारीही मोठी. पासपोर्ट आणि व्हिसा तर हवाच. शिवाय पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रात घ्यावी लागते, आणि तिचा दाखला दहा दिवसांनंतरच ग्राह्य धरतात. ब्राझीलहून भारतात परतताना हा दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवलं जाऊ शकतं.

घड्याळाचंही बघावं लागतं. ब्राझिलिया आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे आहे. समजा पेपर तिथे सकाळी नऊला सुरू झाला, तर आपल्या शरीराच्या लेखी संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात, आणि तो संपेपर्यंत रात्रीचे साडेअकरा. म्हणून दोन दिवस आधी पोचणं ही चैन नव्हे.

तिथे भेटणारे ओळखीचे शब्द

ब्राझीलची भाषा पोर्तुगीज. आपल्या मुलाला दुकानाच्या पाट्यांवर साबण, चावी, बटाटा, पाव यांची मूळ रूपं दिसतील. 'काजू' तर मुळात ब्राझीलमधल्या तुपी भाषेतला शब्द. पोर्तुगीजांनी झाड आणि नाव दोन्ही गोव्यात आणली. तिकडे आजही या शब्दाने आधी बोंडू डोळ्यांपुढे येतं, आणि गराला 'काजूची बी' अशा अर्थाचं नाव आहे.

आता ते स्वाहिली कोडं आठवा. पोर्तुगीजमध्ये 'बटाटा' स्त्रीलिंगी आहे. मराठीने शेवटचा 'आ' पाहिला, त्याला 'घोडा'च्या रांगेत बसवलं, पुल्लिंगी केलं आणि अनेकवचन केलं 'बटाटे'. 'चावी'ला 'ई'वरून 'चाव्या' मिळाल्या. स्वाहिलीने 'किताबू'चं जे केलं, तेच आपण रोज स्वयंपाकघरात करतो. फक्त लक्ष जात नाही.

आपण काय करायचं

भारतीय संघाची निवड पाणिनी भाषाशास्त्र ऑलिम्पियाडमधून होते. स्पर्धा शालेय विद्यार्थ्यांसाठी आहे. पदवीचं शिक्षण सुरू झालं की दार बंद. तेव्हा अकरावी-बारावीतल्यांनी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणू नये. वरच्या वर्गातल्यांनी घरातल्या धाकट्यांना ही बातमी द्यावी. जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरं इंटरनेटवर मोफत मिळतात, शिकवणीची गरज नाही.

घरी कोंकणी, वर्गात मराठी, बाजारात हिंदी किंवा कन्नड असं आपलं जगणं. एकाच गोष्टीला तीन नावं, तीन लिंगं ऐकत आपण वाढतो. हे ऐकणं जाणीवपूर्वक केलं की अर्धी तयारी झालीच.

स्वाध्याय: घरात रोज वापरले जाणारे दहा परके शब्द लिहा. प्रत्येकाचं मराठीतलं लिंग आणि अनेकवचन नोंदवा. त्यामागचा नियम दोन-तीन वाक्यांत मांडा. नियमाला न जुमानणारा एखादा शब्द सापडला तर तो मंडळाच्या पुढच्या बैठकीत जरूर आणा. चर्चा त्याच्यापासूनच सुरू करू.