भरतीवर भरणारी शाळा: भविष्यातलं बालपण लिहिताना

१. आधी भरती-ओहोटी शिकून घ्या. माझी कादंबरी २०९० सालच्या, समुद्र आत शिरलेल्या मुंबईतल्या परळमध्ये घडते. तिथली शाळा भरतीचं पाणी पाहून भरते. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, म्हणून शाळेची वेळही रोज पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला सुट्टी, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे सौम्य भरतीला, पूर्ण दिवस. हे पक्कं ठरलं आणि निम्मे प्रसंग आपोआप सुचले.

२. पाणी कुठे शिरेल, हे कल्पनेवर सोडू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यात भरती, त्यामुळे मिठी नदीचं पाणी समुद्रात जाईना. परळजवळचा हिंदमाता परिसर तर बशीसारखा खोलगट. तिथलं पाणी उपसून जवळच्या मैदानांखालच्या टाक्यांत साठवतात. अशीच एक टाकी माझ्या कादंबरीत बंद पडलेली आहे, आणि नऊ वर्षांची नायिका ओहोटीच्या वेळी तिथे लपाछपी खेळते. भिंतीवर पाण्याच्या जुन्या रेघा आहेत. त्यांच्याशी ती आपली उंची मोजते.

३. मुलांना हळहळायला लावू नका. जे पाहिलंच नाही, त्याचं दुःख त्यांना कसं व्हावं? किम स्टॅनली रॉबिन्सनच्या 'न्यूयॉर्क २१४०' या कादंबरीतली दोन पोरं बुडालेल्या शहरात जुन्या जहाजाचा खजिना शोधत हिंडतात. पाणी हेच त्यांचं अंगण. माझ्या नायिकेची आजी कोरड्या रस्त्यांच्या आठवणी सांगते, तेव्हा पोर विचारते, "मग तू पोहायला कुठे जायचीस गं?"

४. उकाडा लिहिणं पुरापेक्षा अवघड. पाणी दिसतं, उकाडा दिसत नाही. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग निवत नाही. म्हणून माझी मुलं क्रिकेट रात्री खेळतात.

५. मजले विसरू नका. वरच्या मजल्यांवर पैसेवाले, खाली बाकीचे. पोरांना हे भाषणातून कळत नाही. कुणाच्या चपला कोरड्या आहेत, यावरून कळतं.

६. शहर वाचवायचं ओझं मुलीच्या खांद्यावर टाकू नका. "शेवटी तिनं काहीतरी मोठं करून दाखवावं," असं मला वारंवार सुचवलं जातं. मी ते करणार नाही. मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये आला. त्यात निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी २०५० ची मुदत आहे. ती पाळणं आपलं, मोठ्यांचं काम. तिला मी पुस्तकभर खेळू देणार आहे.