बिळात औषध ओतण्याआधी माशीचा नीट फोटो काढा

कांद्याच्या डेंगळ्यांचे गोंडे उमलू लागले की राहुरी, नेवासा, पारनेर भागांतून मोबाईलवर एकसारखे फोटो येतात. बांधाची कोरडी माती, तिच्यात पेन्सिल जाईल एवढी भोकं आणि खाली प्रश्न, ‘साहेब, कोणती कीड? काय टाकू?’

काहीही टाकू नका. ही हुमणी नाही, वाळवीही नाही. मातीत बीळ करून एकेकट्या राहणाऱ्या या रानमाश्या आहेत. यांचं पोळं नसतं. मादी स्वतः बीळ कोरते, आत परागाचा गोळा साठवते आणि त्यावर अंडं घालते. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो, स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. त्यामुळे दुसऱ्या फुलावरचा पराग माशीनेच आणावा लागतो, तो वाऱ्याने येत नाही.

पारनेरकडे एका जाणत्या शेतकऱ्याने भोकाभोकांत फोरेट ओतलं होतं. त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, तरी गोठ्याच्या माळ्यावरून पिशवी निघतेच! गोंडे दिसायला टपोरे, पण तळहातावर चोळले तर बी पोचट. ‘फुलकिड्यांनी खाल्लं,’ असं तो म्हणत राहिला. बांध उकरला तेव्हा मेलेल्या माश्या निघाल्या. मागच्या पायांना पिवळसर पराग तसाच चिकटलेला होता.

म्हणून आधी फोटो काढा. लांबून झूम करून काढलेला धुरकट ठिपका पाठवू नका, त्यावरून कोणालाच काही सांगता येत नाही. ऊन चढायच्या आत जा, माशी गारठून बसलेली असते. पंखांच्या शिरा दिसतील असा एक फोटो वरून घ्या, मग बाजूने, तोंडाचा आणि पोटाच्या टोकाचा. या रानमाश्यांपैकी हॅलिक्टसच्या मादीला पोटाच्या टोकाला वरच्या बाजूला मधोमध उभी खाच असते. नोमियाच्या पोटावर शिंपल्यासारखे चमकते पट्टे असतात. निळ्या पट्ट्यांची अ‍ॅमेजिला तर फोटोला सर्वांत सोपी, कारण तिचे नर संध्याकाळी काडी जबड्यात धरून झोपतात. दोनच पंख आणि आखूड मिशा असतील तर ती फुलमाशी, तिलाही मारू नका. बिळात अळी ओढून नेणारी गांधीलमाशीच्या जातकुळीतली. ती तुमच्या अळ्याच कमी करते.

बिळाच्या फोटोत शेजारी रुपयाचं नाणं ठेवा. तारीख, गाव आणि माशी कोणत्या फुलावर होती तेही लिहा, आणि राहुरी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाला किंवा बाभळेश्वरच्या कृषी विज्ञान केंद्राला दाखवा. फोटोवरून नेमकी जात दरवेळी कळत नाही, पण मित्र की शत्रू एवढं नक्की कळतं.

फुलकिड्यांची फवारणी गोंडे उमलण्याआधी उरका. फुलोऱ्यात फिप्रोनिल, प्रोफेनोफॉस, लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन यांना हात लावू नका. माश्या बोलवायला गुळाचं पाणी फवारण्याचा हट्टही सोडा, त्याने मुंग्या जमतात. आणि बी काढल्यावर बांधावर रोटाव्हेटर घालू नका. पुढच्या हंगामाच्या माश्या त्याच मातीत वाढत असतात.