गोळीची भूक

वऱ्हाडात कुणाचं अंग भरलं की लोक आधी ‘तब्येत सुधारली’ म्हणतात. वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातल्या एका शिक्षिकेलाही सगळे हेच म्हणत होते. सासूबाई तर खूशच होत्या. ताटावरून अर्धपोटी उठणारी सून आता मागून वाढून घेत होती. नैराश्यात तिची भूक मेली होती, झोप उडाली होती, वर्गात फळ्याकडे तोंड करून ती नुसती उभी राहायची. अकोल्याच्या डॉक्टरांनी रात्री घ्यायची मिर्टाझापिनची गोळी लिहून दिली. काही आठवड्यांत झोप परतली, शाळेत मन लागू लागलं.

आणि रात्रीचं जेवण आटोपल्यावर तासाभरात ती स्वयंपाकघरात गुळाचा डबा उघडून उभी असायची. आधी गूळ-शेंगदाणे, मग शिळ्या पोळीचा कुस्करा, मग मुलांचा बिस्किटपुडा. पोट भरलेलं असायचं, तरी हात थांबत नसे. घरच्यांना ती हावरट वाटली, तिला स्वतःलाही तसंच वाटू लागलं. नात्यातल्या एका लग्नात कुणी तरी ‘केवढी झालीस गं’ म्हणालं आणि त्या रात्रीपासून तिने गोळी बंद केली. कुणालाही न विचारता.

भूक खरोखर कमी झाली. पण झोपही गेली, मळमळ आणि बेचैनी सुरू झाली, आणि पुढच्या काही आठवड्यांत जुनं दुखणं पुन्हा दारात आलं. पुन्हा अकोला, पुन्हा पहिल्यापासून उपचार. तिची हकिगत इथे सांगायची ती यासाठी की, अशा गोळ्या घेणाऱ्यांपैकी अनेकांची गाडी नेमकी याच वळणावर घसरते.

मुळात नैराश्यावरच्या औषधांचा आणि भुकेचा संबंध पहिल्यापासूनचा आहे. 1952 साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड हे नवं औषध देऊन पाहिलं गेलं. रुग्णांना तरतरी आली, भूक लागली, वजन वाढलं. क्षयावरचं हेच औषध पुढे नैराश्यावरच्या पहिल्या औषधांपैकी एक ठरलं. 1973 मध्ये पेकेल आणि सहकाऱ्यांनी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’त अमिट्रिप्टिलिन हे नैराश्यावरचं औषध घेणाऱ्यांचं वाढतं वजन आणि गोड-पिठूळ खाण्याची ओढ नोंदवली. म्हणजे आपली शिक्षिका हावरट नव्हती. मिर्टाझापिन आणि अमिट्रिप्टिलिन मेंदूतल्या हिस्टामिनचं काम रोखतात. त्यामुळे पेंग येते आणि भूक खवळते. सेरोटोनिनच्या ज्या वाटेने ‘आता पुरे’ हा निरोप मेंदूला मिळतो, तीही मिर्टाझापिनने अडते.

सगळ्या गोळ्यांचं असं नसतं. अमेरिकेत 1 लाख 83 हजारांवर प्रौढांच्या नोंदी तपासून 2024 मध्ये आठ औषधांची तुलना प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांत सेर्ट्रालिनच्या तुलनेत एस्सिटालोप्रामवर सरासरी 0.41 किलो, पॅरॉक्सेटिनवर 0.37 किलो जास्त वजन वाढलं, ब्युप्रोपिऑनवर 0.22 किलो कमी. फ्लुओक्सेटिन जवळपास सेर्ट्रालिनच्या बरोबरीने राहिलं. आकडे लहान दिसतात, पण ते सरासरीचे आहेत. काहींचं वजन हलतही नाही, काहींचं भराभर चढतं. ब्रिटनमधल्या सुमारे तीन लाख लोकांच्या 2018 च्या अभ्यासातही, गोळ्या घेणाऱ्यांचं वजन 5 टक्क्यांहून अधिक वाढण्याचा धोका न घेणाऱ्यांपेक्षा 21 टक्क्यांनी जास्त दिसला. आणि औषधाच्या चिठ्ठीत ओलान्झापिन ही वेगळी गोळीही असेल, तर वाढलेल्या वजनाचा मोठा वाटा बहुतेक वेळा तिचाच असतो. पाकिटावरचं नाव वाचायला शिकणं म्हणून महत्त्वाचं. ‘झोपेची पांढरी गोळी’ एवढ्यावर कोणत्याच डॉक्टरला पुढचा निर्णय घेता येत नाही.

सडपातळ बांध्याच्या माणसानेही ‘मला काय होतंय’ म्हणून बसू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. सारख्या बीएमआयवरही आपल्या अंगात चरबी जास्त असते, म्हणूनच आपल्याकडे बीएमआय 23 च्या वर गेला की वजन जास्त धरतात, आणि कंबर बाईची 80 सेंटिमीटर, पुरुषाची 90 सेंटिमीटर ओलांडली की सावध करतात. शिंप्याची टेप पुरते. गोळी सुरू होते त्याच दिवशी वजन आणि कंबर वहीत लिहून ठेवावी. नंतर ‘किती वाढलं?’ याला ‘बरंच’ हे उत्तर उपयोगाचं नसतं. साठ किलोच्या माणसाचं 3 किलो वाढलं, म्हणजे 5 टक्के झालंच. एवढं वाढलं की पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

आता खाण्याकडे येऊ. यातली सगळ्यात लबाड गोष्ट म्हणजे चहा. अमिट्रिप्टिलिनसारख्या गोळीने तोंडाला कोरड पडते आणि आपल्याकडे कोरडीवरचा उपाय म्हणजे ‘टाक गं अर्धा कप’. दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे पन्नास ग्रॅम साखर, दिवसाला साधारण 200 कॅलरी, आणि जेवण तर अजून बाजूलाच. पाण्याची बाटली जवळ ठेवावी, ताक प्यावं, बडीशेप चघळावी. दुसरा सापळा एकादशीचा. वजन उतरवायला म्हणून उपास धरायचा आणि साबुदाण्याची तुपातली खिचडी खायची, यात काय उतरतं ते देव जाणे! दिवसभर पोट मारणाऱ्याला रात्री गोळीची भूक जास्तच छळते.

शिक्षिकेच्या घरात बदल झाला तो रात्रीच्या ताटात. ज्या वाशिमच्या शिवारात ज्वारी असायची तिथे आता सोयाबीन पसरलंय, आणि रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ मिळतो. ज्वारी बहुतेकदा विकत आणावी लागते. पण भाकर, घट्ट तुरीचं वरण, अंबाडीची नाहीतर मेथीची भाजी असं जेवण सावकाश झालं की ओढ जराशी बोथट होते. भाकरीने वजन उतरतं असा मात्र गैरसमज नको, चार भाकरी त्या चारच. गूळ आणि बिस्किटं डोळ्यांसमोरून हलली, ओंजळभर फुटाणे हाताशी आले. डॉक्टरांच्या सांगण्यावरून गोळीची वेळ बदलली. जेवण, आवराआवर, मग गोळी आणि लगेच अंथरूण. भूक खवळायच्या आत डोळा लागतो. उन्हाळ्यात उजाडायच्या आत सडकेने फिरणं सुरू झालं. सुरुवातीला ‘मॅडम, कुठं निघाल्या?’ विचारणारी मंडळी थकून गप्प झाली.

तेवढ्याने भागलं नाही तेव्हा डॉक्टरांनी डोस हळूहळू उतरवत औषधच बदललं. ते त्यांचं काम. शेजारणीला चाललेली गोळी मागून घेणं हा त्याला पर्याय नव्हे: ब्युप्रोपिऑन वजनाला बरं म्हणून ज्याला फिट्स येतात त्याने ते घेतलं, तर जिवावर बेतू शकतं. सेर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिनसारख्या गोळ्या एकदम तोडल्या की चक्कर येते, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके बसतात. पॅरॉक्सेटिनवर हे जास्तच होतं. शिक्षिकेचं सगळं वजन उतरलं नाही. थोडं राहिलं, पण ती शाळेत जाते आणि शिकवते.

वाशिमशेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ हा मानसिक आरोग्याचा प्रकल्प चालला, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. वाशिमही शेतकरी आत्महत्यांमुळे 2006 च्या केंद्राच्या पॅकेजमध्ये आलेल्या सहा जिल्ह्यांपैकी एक, आणि 2024 पासून इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. गोळ्या सुरू करणारे वाढणार, तसे मध्येच सोडणारेही वाढतील. तपासणीची तारीख लांब असेल आणि गोळी सोडावीशी वाटत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येतं. फोन लावताना गोळीचं पाकीट आणि वजनाची वही जवळ असू द्यावी. वजनासोबत तहान आणि लघवीही वाढली असेल, तर त्याच आठवड्यात उपाशीपोटी रक्तातली साखर तपासून घ्यावी.