‘येईल हळूहळू’ म्हणून थांबू नकोस

चि. मीनल हिस,


तुझा ओजस दुसरीत गेला तरी वाचताना अडतो आणि घरात सगळे ‘मुलगे उशिराच शिकतात, येईल हळूहळू’ म्हणतात, असं तू लिहिलंस. मीनल, थांबू नकोस. अमेरिकेत टेक्सासमध्ये कॉनी ज्युएल यांनी ५४ मुलांचा पहिलीपासून चौथीपर्यंत मागोवा घेतला. १९८८ साली छापलेला त्यांचा निष्कर्ष असा, की पहिलीअखेर वाचनात मागे असलेलं मूल चौथीतही मागेच असण्याची शक्यता शेकडा ८८. ज्याला वाचता येतं ते मूल आणखी वाचतं, अडणारं पुस्तकच टाळतं, आणि अंतर वाढत जातं. पुढे शाब्दिक उदाहरणं वाचता येत नाहीत म्हणून गणितातही पोरगं ‘कच्चं’ ठरतं.

आधी डोळे आणि कान तपासून घे. मग धड्यातलं चित्र हाताने झाक आणि मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेव. अख्खा धडा घडाघडा म्हणणारी कितीतरी मुलं तिथे गप्प होतात, कारण धडा त्यांना पाठ असतो. ‘किती’ कसं वाचतो तेही बघ. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, उच्चारायची मात्र नंतर. पुष्कळ मुलं इथेच गोंधळतात. जोडाक्षरांची घाई आत्ता नको.

सुरुवात कानांपासून कर. ‘कपाट’मधला ‘क’ काढला तर काय उरेल? ‘पाट’ असं तो पटकन म्हणू लागला, की तेच शब्द अक्षरपत्त्यांनी जुळवून घे. रोज पंधरा मिनिटं पुरेत, पण रोज. पाहुण्यांसमोर वाचायला लावू नकोस. रात्रीची गोष्ट मात्र तूच वाचून दाखव.

डिसलेक्सियाची, म्हणजे वाचन शिकण्यातल्या अक्षमतेची, शंका आली तर घाबरू नकोस. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ चाचणी मराठीतही आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा मुलांचा समावेश आहे. त्या कायद्याखालच्या प्रमाणपत्राचं वय साधारण आठ वर्षांनंतरचं. शिकवायला त्याची वाट पाहावी लागत नाही.

या आठवड्यात वर्गशिक्षिकेला भेट. कोणती अक्षरं, कोणत्या वेलांट्या अडतात ते लिहून ने, आणि दिवाळीपर्यंत त्याला काय यायला हवं ते दोघी मिळून ठरवा. भेटीत काय ठरलं ते मला कळव.

तुझी,
मावशी