आधी किल्ली, मग पेनड्राइव्ह

अगं, पॉलिमर क्लेचं पाकीट फोडण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. नक्षीचा विचार नंतर, वस्तूचा विचार आधी. पेनड्राइव्ह, इयरफोनची डबी, रिमोट, स्कूटीची किल्ली, चार्जर, सगळ्यांवर फुलं काढायची म्हणतेस, आणि तुझ्या हाताला ते जमेल याची मला खात्री आहे. पण ही माती भट्टीत जाते. माती म्हणायची खरी, तिच्यात माती नावालाही नसते. पीव्हीसीची बारीक पूड आणि तिला मऊ ठेवणारं एक तेलकट द्रव्य, बस. हवेवर ती वाळत नाही. ओव्हनमध्ये ११० ते १३० अंश सेल्सिअसला अर्धा तास राहिली की मग कुठे ती पक्की होते. म्हणजे तू जिच्यावर नक्षी चढवणार, त्या वस्तूलाही तेवढी धग सोसावी लागणार.

धातू, काच, लाकूड निवांत सोसतात. प्लास्टिकचा भरवसा नाही. बरीच प्लास्टिकं तेवढ्यात वाकतात. आणि बॅटरी असलेली कुठलीही वस्तू ओव्हनच्या आसपाससुद्धा न्यायची नाही. इयरफोन, स्मार्ट घड्याळ, पॉवर बँक, मोबाइल, सगळ्यांत लिथियमचे सेल असतात. तापले की फुगतात, पेट घेतात. ‘बंद पडलंय, आता काय होतंय’ असं म्हणू नकोस. बंद पडलेल्या सेलमध्येही आग असते.

मग पेनड्राइव्हचं काय करायचं? त्याचं कवच वेगळं भाजायचं. ॲल्युमिनियमची फॉइल पेनड्राइव्हवर घट्ट दाबून बसव, हळूच काढून घे आणि आतून आणखी फॉइल ठासून भर. हा झाला तुझा साचा. यावर क्लेचा पातळ पापुद्रा बसव, साच्यासकट भाज, थंड झाल्यावर फॉइल सोडव आणि कवच अराल्डाइटने चिकटव. जाडी दोन मिलिमीटरच्या वर नेऊ नकोस, नाहीतर लॅपटॉपला लावताना शेजारचं भोक अडेल. रिमोटच्या पाठीला, इयरफोनच्या डबीच्या झाकणाला हीच रीत. चार्जरला मात्र हात लावू नकोस. तो मुळातच तापतो, त्याची उष्णता बाहेर पडायला हवी. त्याला अंगरखा घालणं धोक्याचं आहे.

सुरुवात मात्र यातल्या कशानेच करू नकोस. घराच्या कुलपाची सबंध धातूची, साधी किल्ली घे. स्कूटीची नको, तिची मूठ प्लास्टिकची, आणि काहींच्या मुठीत चिपही असते. धातूची किल्ली थेट ओव्हनमध्ये जाते, तिच्यात बिघडण्यासारखं काही नसतं, आणि दिवसातून चारदा हातात येते. एक ध्यानात ठेव, क्ले धातूला चिकटत नाही. ती धरते ती दोन्ही बाजूंनी वेढून. म्हणून किल्लीच्या डोक्याला पुढून-मागून पापुद्रा लाव आणि कडेला दोन्ही एकजीव कर. कडीचं भोक दाभणाने मोकळं ठेव. किल्ली कुलपात जिथे थांबते त्या खांद्यापासून क्ले जरा दूर राहू दे, नाहीतर किल्ली पूर्ण आत जाणार नाही.

आता नक्षी. इथे तुझी खरी मजा आहे, म्हणून सावकाश सांगते.

ही नक्षी वरून रंगवायची नसते, ती मातीच्या पोटात भरायची असते. अळूवडीचा उंडा कापल्यावर प्रत्येक चकतीत तीच वेटोळी दिसतात ना, अगदी तसं. इटलीत मुरानोचे काचकारागीर रंगीत काचेच्या कांड्या जुळवून, तापवून, ओढून बारीक करतात आणि त्यांच्या चकत्यांतून फुलं काढतात. ती रीत क्लेच्या कामात आली. फरक एवढाच की आपल्याला भट्टीशेजारी उभं राहायचं नाही, जेवणाच्या टेबलावर होतं.

पहिल्या उंड्यासाठी पारिजातक घे. मधे केशरी देठाची बारीक कांडी. पाकळ्यांसाठी पांढऱ्या क्लेच्या सहा कांड्या, प्रत्येकीची एक बाजू चिमटून थेंबासारखी निमुळती केलेली. निमुळती बाजू आत ठेवून त्या केशरी कांडीभोवती बसव. दोन पाकळ्यांमध्ये ज्या खाचा राहतात, त्यांत गडद हिरव्या क्लेच्या त्रिकोणी कांड्या भर. या खाचा भरायला कंटाळू नकोस; त्या रिकाम्या राहिल्या की दाबताना पाकळ्या पसरतात आणि फुलाचा चेहरा जातो. मग सगळ्याला हिरवा पापुद्रा गुंडाळ. हाताच्या मुठीएवढा, आखूड आणि जाड उंडा तयार होईल. आता तो लांबवायचा, पण थेट पोळपाटावर वळायला घेऊ नकोस. आधी कमरेला, म्हणजे बरोबर मध्यावर, चोहोबाजूंनी दाब. मग दाबत दाबत दोन्ही टोकांकडे जा. मधे बारीक झाल्यावरच हलक्या हाताने वळ. टोकांकडची नक्षी वाकडी येतेच, ती कापून बाजूला ठेव. त्या तुकड्यांचे मणी छान होतात. उंडा रात्रभर तसाच राहू दे. सकाळी लांब पात्याने चकत्या काढ आणि प्रत्येक कापानंतर उंडा पाव फेरा फिरव, म्हणजे एकाच बाजूने चेपला जाणार नाही. पहिली स्वच्छ चकती निघाली की सहाही पाकळ्या आणि मधला केशरी ठिपका लख्ख दिसतो. मुठीएवढं जाड फूल पेन्सिलीएवढं बारीक केलं तरी पाकळी मोडत नाही.

आपल्या फलटणच्या उन्हाची गोष्टही लक्षात घे. एप्रिल-मे महिन्यांत इथे क्ले हातात घेतल्या घेतल्या लोण्यासारखी होते. त्या दिवसांत काम पहाटे कर, आणि कापण्याआधी उंडा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेव, अर्थात झाकणाच्या डब्यात. क्लेचं पाकीट उन्हातल्या गाडीच्या डिकीत विसरलीस तर ती तिथेच अर्धवट भाजून निघेल. डबा निवडतानाही पाहून घे. कच्ची क्ले कडक पारदर्शक प्लास्टिकला खाते. बुडाशी त्रिकोणात ५ आकडा असलेला डबा चालतो, ६ असलेला नको.

ओव्हनबद्दल दोन शब्द. मायक्रोवेव्ह अजिबात नको, ओटीजी हवा. त्याच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नकोस, आत ठेवायचा छोटा थर्मामीटर घे. पाकिटावर लिहिलेलं तापमानच खरं: फिमोला ११० अंश, स्कल्पीच्या प्रीमोला १३०. जास्त तापवून करपवलीस तर हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो. घसा आणि डोळे चुरचुरतात. खिडकी उघडी ठेव, मुलांना बाहेर पाठव. या कामाचं लाटणं, पोळपाट आणि पातं स्वयंपाकघरात परत न्यायचं नाही. पेल्याच्या कडेला, चमच्याच्या तोंडात जाणाऱ्या भागालाही क्ले लावू नकोस. आणि भाजून झाल्यावर चमक हवी म्हणून नेलपॉलिश फासू नकोस, काही दिवसांनी ते चिकट होतं. बारीक होत जाणारा पाण्याचा पॉलिशपेपर, ४००, ६००, मग १०००, आणि शेवटी जीन्सच्या तुकड्यावर घासणं. हाताच्या कष्टाची चमक टिकते.

ओटीजी नसेल तर अडून बसू नकोस. पिडिलाइटची ‘शिल्पकार’ मिळते, दोन भाग सारखे मळायचे, भाजायचं काम नाही. पण मळल्यावर ती लवकर आवळायला लागते, म्हणून तिच्यात उंडे होत नाहीत; आकार द्यायचा आणि नंतर रंगवायचं. हातमोजे घालून मळ. क्लेचे रंग इथे नाही मिळाले तर पुण्याला जाशील तेव्हा आण किंवा ऑनलाइन मागव. आधी पांढरा मोठा आणि चार रंग छोटे, एवढंच.

आता मनातलं सांगते. नेटवरच्या परदेशी डेझी आणि घुबडं उतरवत बसू नकोस. आपल्या भोवती काय कमी आहे? शेजारच्या माणदेशातल्या घोंगडीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या बघ: पापुद्रे एकावर एक रचले, उभा काप घेतला की घोंगडीचा काठ तयार. खणाचे बारीक बुट्टे, पैठणीची कुयरी, ठिपक्यांची रांगोळी, जबरेश्वराच्या दगडावरची कोरीव फुलं. आषाढात माउलींची पालखी तरडगावाहून फलटणला मुक्कामाला येते, तेव्हा पताकांचा भगवा आणि तुळशीचा हिरवा शेजारी शेजारी बघून ठेव. रंगांची जोडी तिथून उचल. तुझ्या हातून निघालेली वस्तू फलटणची आहे हे कळलं पाहिजे.

आणि नक्षीइतकाच पकडीचाही विचार कर. आपल्या गावातल्या कमला निंबकर बालभवनाचं नाव ज्यांच्यावरून आहे, त्या कमलाताई जन्माने अमेरिकन. व्यवसायोपचार शिकवणारी देशातली पहिली शाळा त्यांनी १९५० मध्ये मुंबईत उभी केली. या शास्त्रातली एक अगदी साधी युक्ती अशी: बोटं आखडलेल्या माणसाच्या चमच्याची, पेनाची, सुरीची मूठ जाड करायची, म्हणजे कमी जोरात पकड बसते. तुझ्या क्लेला नेमकं हेच येतं. आजींच्या बोटांचे सांधे सुजतात ना? त्यांच्या धातूच्या पेनाला आणि शिवणाच्या कात्रीच्या धातूच्या कड्यांना जाडसर क्ले चढव. पेनातली कांडी आधी काढून घे. कच्ची क्ले असतानाच त्यांच्या हातात दे, त्यांना नेहमीसारखं धरू दे. बोटांचे खळगे उमटतील, तसेच भाज. त्यावर पारिजातकाच्या चकत्या बसव. ही वस्तू दुकानात मिळत नाही, कारण त्या हाताचं माप दुकानाकडे नसतं.

पुढे विकायचं मनात आलं तर बचत गटाच्या प्रदर्शनात मांड, पण भाव पाडून देऊ नकोस. क्लेचा खर्च सगळ्यांना दिसतो, उंड्यामागे गेलेली संध्याकाळ दिसत नाही. ती तू मोजायची. ‘एवढीशी किल्ली आणि एवढे पैसे?’ असं कुणी म्हणालं तर उंड्याची एक चकती त्यांच्यासमोर कापून दाखव, वाद घालू नकोस.

तर या रविवारी एक जुनी किल्ली शोध, ओटीजीत थर्मामीटर ठेवून रिकामाच अर्धा तास तापवून बघ, आकडा कुठे स्थिर होतो ते लिहून ठेव आणि मला फोन कर.