आधी पडताळा, मग विश्वास



२१ सप्टेंबर १९९५ हा दिवस आपल्यातील थोरांना आठवत असेल. ‘गणपती दूध पितो’ ही वार्ता काही तासांत देशभर पसरली आणि मुंबईतही देवळांपुढे रांगा लागल्या. त्या दिवशी लोकांनी पाहिले ते खोटे नव्हते. चमच्यातील दूध खरोखरच कमी होत होते. प्रश्न एवढाच होता, की ते जाते कुठे? सरकारी वैज्ञानिकांनी दुधात रंग मिसळला, तेव्हा दुधाचा पातळ थर मूर्तीच्या अंगावरून खाली उतरताना दिसला. काठोकाठ भरलेला चमचा सोंडेला टेकवून किंचित कलता केला, की पृष्ठताणामुळे दूध मूर्तीकडे ओढले जाते आणि पुढे आपल्या वजनाने ओघळते. विद्यार्थ्यांनी घरी ओला वरवंटा उभा करून हळद घातलेल्या दुधाचा चमचा त्याला लावून पाहावा. वरवंट्याला सोंड नाही, तरी तोही दूध ‘पितो’!

दुसरी घटना आपल्या उपनगरातीलच. मार्च २०१२ मध्ये विलेपार्ले येथील इर्ल्याच्या वेलंकनी माता चर्चजवळील क्रुसावरच्या येशूमूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. भाविक ते पवित्र मानून नेऊ लागले. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एदमारुकू यांनी पाहणी करून सांगितले, की जवळच्या तुंबलेल्या गटाराचे पाणी भिंतीतून चढत आहे. दिव्याचे तेल वातीतून वर चढते, तसेच हे केशाकर्षण. पुढे त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या व त्याच वर्षी ते देश सोडून फिनलंडला गेले. २० ऑगस्ट २०१३ रोजी तर पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. पुरावा मागण्याची किंमत कधी कधी एवढी मोठी असते.

परंतु दुसऱ्याच्या देवळात वा चर्चमध्ये पुरावा मागणे त्या मानाने सोपे. आपल्या घरात आपण तो मागतो का?

पावसाळ्यात वस्तीत दूषित पाण्याने कावीळ पसरते. मग कोणी माळ आणून गळ्यात घालतो. माळ लांबत जाते, तशी कावीळ ‘उतरते’ आणि रोगी बराही होतो. येथेच विचार करावयाचा आहे. दूषित पाण्याची कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरी होते, माळ असो वा नसो. माळेतील ओल्या काड्या वाळून आकसतात, गाठी सैल होतात, म्हणून माळ लांबते. मात्र कावीळ ‘बी’ विषाणूची असेल किंवा पित्तनलिकेत खडा अडकला असेल, तर माळेत गेलेले दिवस जिवावर बेततात. बरे झालेले गावभर सांगतात. जे दगावले, त्यांची साक्ष कोण घेणार?

म्हणून प्रत्येक दाव्यापुढे आपण तीन प्रश्न ठेवावेत :

१) नेमके काय पाहिले, आणि त्यावर काय कल्पिले?
२) तो उपाय न करताही तेच घडले असते का?
३) फसलेल्या उदाहरणांची मोजदाद कोणी केली आहे का?

तथागतांनी केसपुत्त येथे कालामांना हाच मार्ग दाखविला. परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू सांगतो, एवढ्यावरून काही स्वीकारू नका; ते हिताचे की अहिताचे, हे स्वतः जाणून घ्या, असा त्या उपदेशाचा आशय आहे. विनयपिटकातील कथेत पिंडोल भारद्वाजाने उंच टांगलेले चंदनाचे पात्र ऋद्धिबळाने उतरविले, तेव्हा बुद्धांनी त्याची कानउघाडणी केली व भिक्खूंना गृहस्थांपुढे चमत्कार दाखविण्यास मनाई केली. या कथेलाही आपण वरचेच प्रश्न विचारावेत. त्यातून कथा सिद्ध झाली नाही, तरी तिची शिकवण उणी होत नाही.

आपल्या संविधानाच्या कलम ५१-अ (ज) नुसार वैज्ञानिक दृष्टी व जिज्ञासा जोपासणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. त्याची सुरुवात आपण घरापासून करू या. यंदाच्या पावसाळ्यात शेजारी कोणाचे डोळे पिवळे दिसले, तर वाद घालत बसू नये. त्याला सोबत घेऊन दवाखान्यात जावे व रक्ततपासणी करून घ्यावी. माळ काढ असा हट्टही धरू नये. तपासणी मात्र त्याच दिवशी व्हावी.